सॉरी राहू द्या, हिशोब दाखवा

अकरा महिने एक शब्द नाही आणि मग एके दिवशी मेलमध्ये अपडेट. मी पैसे लावलेल्या एका व्हिडिओ गेमचं. नाव सांगत नाही, त्या टीमवर राग काढायला हे लिहीत नाहीये (थोडा राग आहे, खोटं कशाला बोलू). अपडेट चांगलं लांबलचक होतं, पहिले तीन पॅराग्राफ सॉरी म्हणण्यात गेले, मग टीमला किती वाईट वाटतंय ते, मग या प्रोजेक्टवर आमचा अजूनही किती जीव आहे ते, आणि शेवटी दोन नव्या कॅरेक्टरची चित्रं. वाचून झालं आणि मी परत वरपासून वाचलं, म्हटलं आपल्याच नजरेतून काही सुटलं असेल. काही सुटलं नव्हतं. पैसे किती उरलेत, काम करणारी माणसं किती उरलीत, गेमचा कुठला भाग खरंच चालतोय आणि कुठला अजून कागदावरच आहे, यातलं काहीच नव्हतं त्यात. खाली कमेंटमध्ये निम्मे लोक "काही हरकत नाही, तब्येतीला जपा" म्हणत होते आणि निम्मे "पैसे परत टाका", आणि खरं सांगायचं तर दोघांकडेही आपलं म्हणणं ठरवण्यापुरती माहिती नव्हती.

तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय. क्राउडफंडिंगवाल्या, म्हणजे बनायच्या आधीच लोकांकडून पैसे गोळा करून उभ्या केलेल्या गेममध्ये एकदा बोलणं तुटलं आणि भरवसा गेला की तो परत आणण्यासाठी स्टुडिओ जे काही करतात ते जवळपास सगळं चुकीच्या दिशेने असतं, कारण त्यांना वाटतं लोक नाराज आहेत म्हणजे त्यांची समजूत काढायची. समजूत काढून घ्यायला मी लहान मूल नाही. मला ठरवायचं असतं की इथे थांबायचं की निघायचं, आणि त्यासाठी हिशोब लागतो. माफी ही मागणाऱ्याला हलकं वाटावं म्हणून असते बऱ्याचदा.

आता कोणी म्हणेल, तू गिऱ्हाईक थोडाच आहेस हिशोब मागायला. बरोबर आहे, गिऱ्हाईक नाहीच. किकस्टार्टर ही असे पैसे गोळा करायची वेबसाइट २००९ मध्ये सुरू झाली आणि २०१२ मध्येच त्यांनी जाहीर सांगून टाकलं की आम्ही दुकान नाही, प्रत्येक प्रोजेक्टच्या पानावर धोके काय आहेत ते लिहायची सक्ती पण तेव्हाच आली. बॅकर, म्हणजे असे पैसे देणारा, हा शेअरहोल्डर पण नाही, गेम तुफान चालला तरी त्याला नफ्यातला छदाम मिळत नाही. म्हणजे गिऱ्हाइकाचे हक्क नाहीत, गुंतवणूकदाराचे पण नाहीत, आणि तरी पैसे मात्र सगळ्यात आधी त्याचे, जेव्हा दाखवायला एक ट्रेलर आणि चार स्क्रीनशॉट सोडून काही नव्हतं तेव्हाचे. मग त्याच्या वाट्याला नक्की काय येतं? माझ्या मते एकच गोष्ट, काय चाललंय ते खरं कळणं. गेम उशिरा येऊ शकतो, बिघडू शकतो, येणारच नाही असंही होऊ शकतं, हे सगळं कबूल करूनच पैसे दिलेत. अमेरिकेतल्या व्हार्टन बिझनेस स्कूलचे प्राध्यापक ईथन मोलिक यांनी २०१५ मध्ये किकस्टार्टरच्या बॅकर्सचा मोठा सर्व्हे केला होता, त्यात साधारण ९ टक्के प्रोजेक्टनी कबूल केलेलं दिलंच नाही असं निघालं. ९ टक्के मला तरी जास्त वाटत नाहीत, एवढी रिस्क मी घेतो. पण बुडतोय हे माहीत असून मला न सांगणं ही रिस्क मी घेतलेली नव्हती.

गप्प का बसतात हे समजून घ्यायला पाहिजे, कारण सरसकट "चोर आहेत" म्हणणारे लोक मला पटत नाहीत. चोर फार थोडे असतात. बाकीच्यांचं काय होतं की मार्चमध्ये कळतं डिसेंबरची तारीख गाठता येत नाही. मग वाटतं नवीन तारीख नक्की झाली की सांगू. नवीन तारीख काही नक्की होत नाही कारण मधेच एक प्रोग्रामर सोडून जातो. मग वाटतं नवा प्रोग्रामर आला की दोन्ही एकदम सांगू, एक वाईट आणि एक चांगली बातमी. असे चार महिने जातात आणि आता फक्त डिलेबद्दल सांगून भागत नाही, आधी का नाही सांगितलं तेही सांगावं लागतं, म्हणजे बातमी अजून जड झाली, म्हणून अजून एक महिना. झाकली मूठ सव्वा लाखाची हा हिशोब इथे उलटा चालतो, मूठ जितकी जास्त दिवस झाकलेली तितकी आतल्या मालाची किंमत उतरत जाते, फक्त मूठ झाकणाऱ्याला ते दिसत नाही. आणि छोट्या टीममध्ये अपडेट लिहिणारा आणि रात्री बग शोधणारा माणूस एकच असतो बऱ्याच वेळा, तो म्हणतो लिहिण्यात दिवस घालवण्यापेक्षा काम करतो. हे ऐकायला इतकं रास्त वाटतं ना, तिथेच फसायला होतं.

अजून एक गोष्ट लपवली जाते आणि ती फार कोणी बोलत नाही, ती म्हणजे गोळा झालेला पैसा मुळातच पुरणारा नसतो. साधं गणित करून बघा. समजा एका स्टुडिओने ५ लाख डॉलर उभे केले. किकस्टार्टरचे ५ टक्के गेले, पेमेंट प्रोसेसिंगचे ३ ते ५ टक्के गेले, साडेचार लाखांच्या आसपास उरले. त्यातून बॅकर्सना कबूल केलेले टी-शर्ट, आर्टबुक, पोस्टाचा खर्च काढा. टीम दहा जणांची असेल आणि पगार, भाडं, सॉफ्टवेअर सगळं धरून माणशी महिना ८ हजार डॉलर धरला तर महिन्याला ८० हजार. म्हणजे सहा महिने सुद्धा नाहीत. आणि गेमला लागणार दोन-तीन वर्षं. हे स्टुडिओला पहिल्या दिवसापासून माहीत असतं, त्यांना वाटत असतं पुढे पब्लिशर मिळेल, स्वतःचे पैसे घालू, अर्ली ॲक्सेसमधून, म्हणजे अर्धवट गेम आधीच विकून येतील. यात गैर काही नाही, पण मोहीम चालू असताना हे कोणी सांगत नाही कारण सांगितलं तर लोक पैसे देणार नाहीत अशी भीती. मग पुढे जेव्हा जेव्हा पैशाचा विषय येतो तेव्हा ते मूळ न सांगितलेलं पण उघडं पडणार म्हणून तोंड बंद. माझ्या अंदाजाने निम्म्या गप्प बसण्याचं मूळ इथे आहे.

डबल फाइन या स्टुडिओचं उदाहरण म्हणूनच मला अजून महत्त्वाचं वाटतं. फेब्रुवारी २०१२, किकस्टार्टरवर एका गेमसाठी मागितले ४ लाख डॉलर, मिळाले ३३ लाख, ८७ हजारांच्या वर बॅकर. गेम ऑक्टोबर २०१२ मध्ये द्यायचं कबूल केलेलं. पैसा आठपट आला तसं स्वप्न पण फुगलं आणि जुलै २०१३ मध्ये स्टुडिओचे प्रमुख टिम शेफर यांनी बॅकर्सना लिहिलं की डिझाइन हाताबाहेर गेलंय, आहे त्या पैशात पूर्ण होत नाही, त्यामुळे गेमचे दोन भाग करून पहिला आधी विकायचा आणि त्या पैशातून दुसरा पूर्ण करायचा. बाहेर प्रचंड आरडाओरडा झाला, ३३ लाख मिळून पण कमी पडले म्हणून. पण यात एक बघण्यासारखं आहे, बॅकर्ससाठी या गेमची डॉक्युमेंटरी पहिल्यापासून चालू होती आणि तिच्यात बजेटच्या मीटिंगा सुद्धा दिसायच्या, पुढे काय वाढून ठेवलंय ते डोळ्यासमोर घडत होतं. वाईट बातमी आली पण आकाशातून पडली नाही. पहिला भाग जानेवारी २०१४ ला आला, दुसरा एप्रिल २०१५ ला. गेम सगळ्यांना आवडला असं नाही, मला स्वतःला दुसरा भाग कंटाळवाणा वाटला. पण फसवलं असं मी कधी म्हणालो नाही.

उलट बाजूला मायटी नंबर नाइन हा गेम. २०१३ मध्ये ३८ लाख डॉलर, एप्रिल २०१५ ची तारीख, मग सप्टेंबर, मग पुढच्या वर्षीचा फेब्रुवारी, करत करत आला जून २०१६ मध्ये. तारखा पुढे गेल्या हे मी सोडून देईन. पण पहिला गेम हातात नसताना जुलै २०१५ मध्ये त्याच मंडळींनी रेड ॲश नावाच्या दुसऱ्या गेमसाठी किकस्टार्टर उघडलं, आणि ती मोहीम संपते न संपते तोच पहिल्या गेमची सप्टेंबरची तारीख पुढच्या वर्षावर गेल्याचं जाहीर केलं. आता मला सांगा, मोहीम चालू असताना उशीर होणार हे आतल्या लोकांना ठाऊक नसेल असं कोण मानेल? कदाचित खरंच ठाऊक नसेल. पण गप्प बसून तुम्ही संशयाचा फायदा मिळवायचा अधिकार आधीच गमावलेला असतो, दुधाने तोंड पोळलं की लोक ताक पण फुंकूनच पिणार. रेड ॲशला लागणारा आकडा जमलाच नाही.

बरं, बोलणं म्हणजे फक्त वारंवार बोलणं असंही नाही. २०१५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने क्राउडफंडिंगमधली आपली पहिली केस केली ती एका बोर्ड गेमची होती. १,२४६ लोकांनी मिळून १ लाख २२ हजार डॉलर दिलेले, आणि गेम बनवणारा वर्षभर काम पुढे सरकतंय असं सांगत होता, मग एक दिवस म्हणाला प्रोजेक्ट रद्द. कमिशनच्या म्हणण्याप्रमाणे बराचसा पैसा घरभाडं आणि खासगी खर्चात गेलेला. म्हणजे अपडेट येत होती हो! अपडेटमध्ये तपासता येईल असं काही नव्हतं एवढंच. (त्या बॅकर्सना शेवटी गेम मिळाला, पण तो दुसऱ्याच एका कंपनीने, क्रिप्टोझोइकने, स्वतःहून छापून फुकट वाटला म्हणून.) बोलाची कढी बोलाचाच भात वाढला तर रोज वाढला काय आणि महिन्यातून एकदा वाढला काय.

दुसरं टोक स्टार सिटिझन. २०१२ पासून लोकांकडून ७० कोटी डॉलरच्या पुढे गोळा झालेत, व्हिडिओ, मासिक रिपोर्ट, रोडमॅप (पुढे काय काय कधी येणार त्याचा तक्ता), एवढं बोलणारा दुसरा क्राउडफंडेड गेम दाखवा. आणि २०२० मध्ये त्यांनी रोडमॅप कधी येणार याचा रोडमॅप दिला होता, हा विनोद मी बनवलेला नाही. पुढे २०२२ मध्ये लांबच्या फीचर्सच्या तारखा दाखवायच्याच बंद केल्या, कारण काय तर रोडमॅपवर डोळे लावून बसलेले लोक त्याला वचन समजतात. अर्थात समजतात, तारीख लिहिली की ते वचनच असतं. मला त्यांचा निर्णय चुकीचा वाटत नाही, उलट तारीख माहीत नसेल तर देऊच नये, पण हे दहा वर्षांनी सुचणं म्हणजे जरा जास्तच झालं.

तर मग काय करायचं. सगळ्यात वाईट बातमी सगळ्यात आधी, एकाच वेळी, पूर्ण. हप्त्याहप्त्याने नाही. या महिन्यात डिले, पुढच्या महिन्यात कन्सोल व्हर्जन रद्द, त्याच्या पुढे मल्टिप्लेअर गेलं, असं थेंबथेंब सोडलं की प्रत्येक वेळी माणूस म्हणतो आता अजून काय बाकी आहे. आणि सांगायचं ते बॅकर्सना आधी, बाकी जगाला नंतर. शेनमू ३ चं बघा, २०१५ मध्ये ६३ लाख डॉलर, ६९ हजार बॅकर, त्यातल्या पीसीवाल्यांना वाटत होतं की स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर मिळणार, आणि जून २०१९ मध्ये थेट घोषणाच झाली की पीसीवर एपिक स्टोअर या दुसऱ्या दुकानावरच येणार. ज्यांच्या पैशावर गेम उभा राहिला त्यांना जगासोबत कळलं. लोक खवळले, रिफंडचं ठरायला काही आठवडे गेले आणि शेवटी त्या रिफंडचा खर्च एपिकने उचलला. त्याच वर्षी मार्चमध्ये फीनिक्स पॉइंट या दुसऱ्या क्राउडफंडेड गेमने अगदी हाच सौदा एपिकशी केला होता. शिव्या त्यांनाही पडल्या, भरपूर. पण त्यांनी बातमीसोबतच सांगितलं की ज्याला नको त्याने पूर्ण पैसे परत घ्या आणि जो थांबेल त्याला पहिल्या वर्षाचे डीएलसी (गेमला नंतर जोडले जाणारे भाग) फुकट. निर्णय तोच, लोकांना न आवडणाराच, फरक एवढाच की दार पहिल्या दिवशी उघडं होतं.

रिफंडचं दार उघडं ठेवणं हे मला सगळ्यात प्रामाणिक वाटतं, आणि सगळ्यात अवघड पण तेच आहे कारण पैसे खर्च झालेले असतात. मग तेच सांगा ना. किकस्टार्टरच्या नियमात २०१४ पासून लिहिलंय की प्रोजेक्ट पूर्ण करता येत नसेल तर काय काम झालं, पैसे कसे वापरले, कशामुळे अडलं हे सांगायचं आणि उरलेले पैसे परत द्यायची तयारी दाखवायची. हा नियम प्रोजेक्ट मेल्यावरचा आहे, माझं म्हणणं आहे की भरवसा परत पाहिजे असेल तर हेच जिवंतपणी करा. इतके आले, इतके पगारात गेले, इतके बाहेरच्या आर्टिस्टला, इतके उरलेत, या पैशात अमुक महिन्यापर्यंत दम धरू शकतो आणि त्यानंतर हे हे करायचा विचार आहे. पंधरा ओळी. स्ट्रेच गोलमध्ये, म्हणजे मागितल्यापेक्षा जास्त पैसे जमले तर द्यायच्या जादा गोष्टींमध्ये काय काय कबूल केलं होतं त्यातलं काय होणार नाही हे नाव घेऊन सांगा, "काही फीचर्सचा फेरविचार चालू आहे" असलं सरकारी बोलू नका. एक चालू बिल्ड (आत्तापर्यंत झालेला, खेळून बघता येईल असा गेम) द्या, कच्चा असला तरी, क्रॅश होत असला तरी चालेल. ब्लडस्टेन्ड या गेमच्या टीमला मार्च २०१७ चा गेम जून २०१९ पर्यंत लांबवावा लागला, मॅक-लिनक्स सोडून द्यावे लागले, ग्राफिक्सवरून लोकांनी धुतलं, पण त्यांनी मधेमधे बॅकर्सच्या हातात डेमो दिला आणि शेवटी तर टीका करणाऱ्या कमेंट ट्रेलरमध्येच दाखवून खाली आधीचं आणि नंतरचं चित्र लावलं. सुधारलेलं दिसत होतं, विषय संपला.

आणि पुढची तारीख द्यायची ती गेमची नको. पुढच्या अपडेटची द्या. भरवसा गेलेल्या टीमने गेमची नवी तारीख देणं म्हणजे बुडालेल्या उधारीवर अजून उधार मागणं. अपडेटची तारीख मात्र पाळता येते, ती पूर्ण तुमच्या हातात आहे, त्यात सांगण्यासारखं काही नसेल तरी "या महिन्यात सेव्ह सिस्टिमवर अडकलो, पुढच्या महिन्यात पण बहुतेक तिथेच असू" एवढं लिहा. कंटाळवाणं असलं तरी चालतं, उलट कंटाळवाणं असेल तर मला बरं वाटतं, खोटं सहसा इतकं कंटाळवाणं नसतं.

यावर नेहमीचं उत्तर येतं की बोलण्यापेक्षा करून दाखवावं, नो मॅन्स स्कायवाले ऑगस्ट २०१६ मध्ये वाईट गेम आणून काही महिने तोंड मिटून बसले, मग अपडेटवर अपडेट फुकट देत राहिले आणि आज लोक त्यांच्या नावाने टाळ्या वाजवतात. मान्य. पण तो गेम क्राउडफंडेड नव्हता, आणि ज्यांनी घेतला त्यांच्या हातात गेम होता, वाईट का होईना, रोज उघडून बघता येत होता की काही बदललं का. आपल्या बॅकरच्या हातात काय आहे, एक ईमेल. मग सिल्कसाँग हा गेम? ते तर क्राउडफंडिंगमधूनच निघालं, हॉलो नाइट या आधीच्या गेमच्या स्ट्रेच गोलमधून, २०१९ मध्ये स्वतंत्र गेम म्हणून जाहीर झालं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आलं, मधली वर्षं दोन्ही गेम बनवणारा स्टुडिओ टीम चेरी जवळपास मौनातच. लोक चिडले, मीम्स केले, पण माफ केलं. हे उदाहरण माझ्या विरोधात जातं हे मला कळतंय. तरी बघा, त्यांनी बॅकर्सकडून सुमारे ५७ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर घेतले होते आणि २०१७ मध्येच हॉलो नाइट हा एवढा मोठा गेम देऊन टाकला होता, वर फुकट कंटेंट पॅक दिले. देणं जवळपास फिटलेलं असताना गप्प बसणं वेगळं आणि सगळं देणं अंगावर असताना गप्प बसणं वेगळं. त्यांचं नाव पुढे करून ज्यांनी अजून काहीच दिलेलं नाही असे स्टुडिओ गप्प बसतात तेव्हा मला हसू येतं.

हिशोब उघडा टाकण्यात धोका नाही असं मी म्हणणार नाही. पब्लिशरशी बोलणी चालू असतील तर तुमचे पैसे संपत आलेत हे त्याला कळलं की तो भाव पाडणार. करारात गुप्ततेच्या अटी असतात. टीममधल्या कोणाचा पगार किती हे चारचौघात जाऊ नये. या सगळ्याला उत्तर आहे, ढोबळ आकडे द्या, माणसागणिक देऊ नका, आणि जे सांगता येत नाही ते "सांगता येत नाही" असं स्पष्ट लिहा. शॉव्हल नाइट या गेमच्या टीमने गेम आल्यावर खर्च-विक्रीचे आकडे जाहीर मांडले होते, किती महिने बिनपगारी काढले ते सुद्धा, आणि २०१३ च्या मोहिमेतले स्ट्रेच गोल पूर्ण करायला त्यांना डिसेंबर २०१९ उजाडला. साडेसहा वर्षं! कोणी फारसं ओरडलं नाही, कारण काय राहिलंय आणि का राहिलंय हे प्रत्येकाला माहीत होतं.

आपल्या बाजूचं पण थोडं बोललं पाहिजे. कमेंटमध्ये आर्टिस्टला शिव्या, कम्युनिटी मॅनेजरला धमक्या, हे करणारे लोक बॅकरच असतात, आणि टीम गप्प बसायला ते एक कारण देतात. खरी बातमी सांगितली की मार पडतो असं शिकवल्यावर पुढची खरी बातमी कोण सांगेल. पण यावरून "आधी तुम्ही नीट वागा मग आम्ही बोलू" असं स्टुडिओने म्हणायचं नसतं, पैसे त्यांच्याकडे आहेत, सुरुवात त्यांनीच करायची. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं काही राहत नाही, सोडून गेलेला प्रोग्रामर कुठेतरी प्रोफाइल बदलतो आणि लोकांना कळतंच, तेव्हा मग दुप्पट मार पडतो.

माझ्या त्या गेमचं काय झालं. त्या सॉरीवाल्या अपडेटखाली मी एक प्रश्न टाकला, आत्ता पूर्ण वेळ काम करणारे किती जण आहात. अजून पन्नासेक लोकांनी तोच विचारला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, दोन ओळींचं: दोन जण पूर्ण वेळ, एक अर्धवेळ, बाकीचे गेले, आम्ही दुसऱ्यांची कामं घेऊन पैसे उभे करतोय. पुढचं अपडेट १५ तारखेला. कमेंटमध्ये परत आग लागली, काहींनी रिफंड मागितला, आणि मी मात्र पहिल्यांदा गणित करू शकलो: अडीच माणसं, एवढं मोठं काम, म्हणजे अजून तीन वर्षं तरी, आलं तर. रिफंड मागितला नाही. १५ तारखेचं अपडेट १६ ला आलं, त्यात मेन्यू स्क्रीनबद्दल काहीतरी होतं.